दिवाळीच्या तोंडावर खिसा सांभाळा : फोनवर, बाजारात आणि दारात होणाऱ्या फसवणुकीतून वाचण्यासाठी

माझं लातूरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, आधार-पॅन जोडणी, असल्या कामांना दिवसभर माणसं समोर उभी असतात. ‘दादा, हा मेसेज खरा आहे का बघा बरं,’ म्हणून रोज चार-दोन जण फोन पुढं करतात आणि मी मान वर न करता सांगतो, ‘खोटा आहे, पुसून टाका.’ तोच मी २०२४ च्या वसुबारसेला, भर दुपारी, दुकानात बसल्या बसल्या ३८,४९८ रुपयांना बुडालो.

बायकोनं मिक्सर मागवला होता. व्हॉट्सॲपवर मेसेज आला : पत्ता अपूर्ण आहे, आज दुरुस्त केला नाही तर पार्सल परत जाईल. वर कुरिअरचं चिन्ह, खाली एक फाईल. समोर सात-आठ जण उभे, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला. मी फाईल दाबली, फोननं विचारलं त्याला ‘अलाऊ, अलाऊ’ करत गेलो, पाच रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकला आणि प्रिंटरकडं वळलो. कागद निघेपर्यंत तीन मेसेज आले होते. ९,९९९. ९,९९९. १८,५००.

आदल्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, पंतप्रधान ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालून पैसे उकळण्याबद्दल, बोलले होते. दुकानातल्या रेडिओवर मी ते सगळं ऐकलं होतं. सांगायचं एवढंच, की माहिती नसते म्हणून माणूस फसतो हे अर्धंच खरं आहे. घाईत असतो म्हणून फसतो. आणि आपण घाईत कधी असतो, आपल्या हातात पैसा कधी असतो, हे चोराला आपल्यापेक्षा बरं कळतं. आपल्याकडं सोयाबीन निघतं, मोंढ्यात जातं, पट्टी हातात पडते; कापसाची पहिली वेचणी होते; अतिवृष्टीचं अनुदान, लाडक्या बहिणीचा हप्ता, कारखान्याचा किंवा कंपनीचा बोनस हे सगळं दसरा-दिवाळीच्या आगेमागेच येतं. पुढं तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई. नेमक्या ह्या दोन महिन्यांत तुमचा फोन जास्त वाजायला लागतो.

फोनवरून पैसे द्यायला-घ्यायला नुकतीच सुरुवात केलेल्यांसाठी, आणि ‘मला काय होतंय’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी, हे लिहितोय.

आधी हे एका जागी ठेवा

वहीच्या एका पानावर, फोनमध्ये नव्हे, हे लिहून देव्हाऱ्याजवळ किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. फोनच हॅक झाला तर फोनमधली यादी काय कामाची?

- १९३० : सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन
- तुमच्या बँकेचा कार्ड आणि खातं बंद करण्याचा नंबर, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून उतरवलेला
- घरातल्या प्रत्येक खात्याचा नंबर, शाखेचं नाव, आणि खात्याला जोडलेला मोबाईल कुठला ते
- फोनचा आयएमईआय नंबर (स्टार, हॅश, ०६, हॅश दाबलं की दिसतो)
- १९१५ : ग्राहक हेल्पलाइन, दुकानदार किंवा ऑनलाइन कंपनीनं दाद दिली नाही तर

पिन आणि पासवर्ड मात्र त्या पानावर लिहू नका. एका मामांनी एटीएम कार्डाच्या पाकिटावरच पिन लिहिला होता, तोही ठळक मार्करनं. ‘विसरायला होतं’ म्हणाले.

१. नवरात्र उठलं की अर्धा तास घरातले सगळे बसा

खर्चाचं खातं वेगळं करा. फोनच्या ॲपला जोडलेल्या खात्यात आठवड्याचा खर्च भागेल एवढेच पैसे ठेवा. सोयाबीनची पट्टी, मुलीच्या लग्नाचे पैसे दुसऱ्या खात्यात, जे कुठल्याच ॲपला जोडलेलं नाही. हे मी आधी केलं असतं तर पाच-सात हजारांवर भागलं असतं.

एटीएम कार्डाचा ऑनलाइन वापर बंद-चालू करायची आणि मर्यादा ठरवायची सोय २०२० पासून सगळ्या बँकांनी द्यायची आहे. बँकेच्या ॲपमध्ये ‘कार्ड’ म्हणून भाग असतो, तिथं जा. ऑनलाइन वापर बंदच ठेवा, लागेल तेव्हा पाच मिनिटं चालू करा. परदेशी व्यवहाराचं बटण चालू असेल तर आत्ताच बंद करा. आपण कुठं निघालोय दुबईला!

घराचा एक परवलीचा शब्द ठरवा. आता आवाजाची नक्कल करता येते. ‘मावशी, मी अडकलोय, पैसे टाक’ असा रडका फोन भाच्याच्या आवाजात येऊ शकतो. आमच्या घरचा शब्द आजीच्या म्हशीचं नाव आहे. सांगत नाही.

जे आई-वडील गावातल्या बँक मित्राकडं अंगठा लावून पैसे काढतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. ‘सर्व्हर डाऊन आहे, लागला नाही, परत लावा’ असं म्हणत दोनदा अंगठा घेतला जातो. कधी खरंच सर्व्हर डाऊन असतो, कधी नसतो. दर अंगठ्यामागं पावती मागायची. व्यवहार फसला तरी फसल्याची पावती निघते. आणि अंगठ्यानं पैसे काढायचेच नसतील तर आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून टाका. रेशनला किंवा केवायसीला अंगठा लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

२. पैसे घ्यायला पिन लागत नाही

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना आणि शिल्लक बघताना लागतो. घेताना कधीच नाही. क्यूआर कोडही पैसे देण्यासाठी स्कॅन करतात. जुनं कपाट विकायला काढलंय आणि घेणारा म्हणतोय, ‘हा कोड स्कॅन करा, पिन टाका, तुमच्या खात्यात पैसे येतील’ तर तिथंच फोन ठेवा. ह्या ढंगाची फसवणूक एवढी वाढली, की एका माणसानं दुसऱ्याकडं ॲपमधून पैसे मागायची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. दुकानदार आणि कंपन्या अजून मागणी पाठवू शकतात, त्यामुळे पिन टाकण्याआधी स्क्रीनवर ‘पे’ लिहिलंय का, कुणाचं नाव आहे, किती रक्कम आहे, हे वाचायचंच.

दुसरी फसवणूक विकणाऱ्याची होते. दसऱ्याच्या सकाळी आमच्या दुकानासमोर औश्याकडच्या एक काकू झेंडू घेऊन बसतात. गेल्या वर्षी एका पोरानं दोन पाट्या फुलं घेतली, फोन पुढं केला, हिरवी टिकली दाखवली, ‘काकू, गेले बघा बाराशे,’ म्हणाला आणि गाडीला किक मारली. टिकली खरी नव्हती. तसलं चित्र दाखवणारी खोटी ॲप मिळतात. काकूंचा फोन गावात लेकाकडं होता, त्यामुळे पैसे आले नाहीत हे कळायला संध्याकाळ झाली. तुम्ही फुलं, पणत्या, आकाशकंदील, फराळ, काहीही विकायला बसणार असाल तर तुमच्या स्वतःच्या फोनवर किंवा बोलणाऱ्या डब्यावर रक्कम ऐकल्याशिवाय माल सोडू नका. समोरच्याच्या फोनवर काय दिसतंय त्याला किंमत नाही. सकाळी गाडा लावताना आपल्या क्यूआरवर कुणी दुसरा कागद चिकटवलाय का, तेही नखानं खरवडून बघा आणि स्वतःच एक रुपया पाठवून नाव तपासा.

‘चुकून तुमच्या खात्यात पाच हजार आले, परत पाठवा ना ताई’ असा फोन आला तर आधी शिल्लक बघा. पैसे जमा झाल्याचा तो मेसेज साध्या मोबाईल नंबरावरून त्यानंच पाठवलेला असतो. खरंच जमा झाले असतील तरी आपण परस्पर परत करायचे नाहीत. त्याला म्हणा, तुझ्या बँकेत तक्रार कर. आणि तुमच्या बँकेलाही कळवून ठेवा.

३. एपीके : ज्यात मी अडकलो

एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवायची फाईल. खरं ॲप प्ले स्टोअरमधून येतं. व्हॉट्सॲपवर कुणी ॲप पाठवत नाही. बँक नाही, आरटीओ नाही, कृषी खातं नाही, कुरिअरवाला तर नाहीच.

नावं मात्र अशी देतात की हात आपोआप जावा. माझ्या दुकानात लोकांच्या फोनवर मी स्वतः बघितलेली : आरटीओ चलन, पीएम किसान यादी, बँक केवायसी, आणि तुळशीच्या लग्नानंतर हमखास येणारी लग्नपत्रिका. पत्रिकेची युक्ती सगळ्यात वाईट. आपल्याकडं पत्रिका आली आणि उघडली नाही असं होत नाही. ज्याच्या फोनवर ती गेली, त्याच्या व्हॉट्सॲपवरून पुढं त्याच्या सगळ्या पाहुण्यांना जाते. म्हणजे ती तुम्हाला ओळखीच्याच नंबरावरून येते.

ओळखायची खूण सोपी आहे : फाईलच्या नावाच्या शेवटी ए-पी-के ही तीन अक्षरं असतात. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. बाकी काही असलं तर त्या पाहुण्याला फोन लावून विचारा, ‘तुम्ही पाठवलं का?’ बहुतेक वेळा तो बिचारा रडकुंडीला आलेला असतो.

असलं ॲप बसलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. ‘मी तर ओटीपी कुणाला सांगितलाच नाही’ असं लोक शपथेवर म्हणतात आणि खरंच बोलत असतात.

आत्ताच एक करून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अनोळखी ॲप बसवणे’ अशा अर्थाचा भाग शोधा, त्यात व्हॉट्सॲप आणि क्रोम यांच्यासमोरची परवानगी बंद करा. मग चुकून दाबलं गेलं तरी फाईल बसत नाही, फोन आधी अडवतो. वडिलांच्या फोनवर हे तुम्हीच करून द्या, समजावत बसू नका.

चुकून बसलंच, तर विमान मोड चालू करा, वायफाय बंद झालंय का बघा, सिम काढा, आणि पुढचे सगळे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. माझा दहा मिनिटांचा वेळ फोन हातात धरून नुसता बघत राहण्यात गेला. त्या दहा मिनिटांत पहिले दोन व्यवहार पार पुढं निघून गेले.

४. फोन कुणाचा, मेसेज कुणाचा

बँका आणि विमा कंपन्यांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरावरून करायचे आणि जाहिरातीचे १४० वरून, असा नियम आता झाला आहे. साध्या दहा अंकी मोबाईलवरून ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याशी बोलायचंच कशाला? एसएमएसचंही तसंच. खऱ्या संस्थेचा एसएमएस नंबरावरून नाही, अक्षरी नावानं येतो आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी असेल तर जी. अनुदान मंजूर झाल्याचा मेसेज दहा अंकी नंबरावरून आला तर तो सरकारचा नाही, हे त्यातला मजकूर न वाचताही कळतं.

बँकेची वेबसाइटही बघून घ्या. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता घ्यायला सांगितलं होतं. पत्त्याचा शेवट तसा नसेल तर तिथं पासवर्ड टाकू नका.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी खोट्या वेबसाइटचा सुळसुळाट झाला होता. एक ताई माझ्याकडं आल्या, त्यांनी कुठल्याशा पानावर आधार, खातं, सगळं भरून ठेवलं होतं आणि ‘शंभर रुपये फी पण भरली’ म्हणाल्या. सरकारी पानाचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’नं संपतो, आणि ह्या केवायसीला त्या पानावर फी नाही. माझ्यासारखा दुकानदार भरून देण्याचे पैसे घेतो ती गोष्ट वेगळी, ते आमच्या मेहनतीचे. गुगलवर शोधून सगळ्यात वर येईल ते दाबू नका. वरचे दोन-तीन बहुधा पैसे देऊन लावलेले असतात. कस्टमर केअरचा नंबरही गुगलवरून घेऊ नका. फ्रीजचा नंबर फ्रीजच्या बिलावर असतो.

डिजिटल अरेस्टबद्दल : असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नाही, चौकशीसाठी ‘पैसे तपासायला’ कुठल्या खात्यात मागवले जात नाहीत. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, तुमच्या आधारवर सिम निघालं, घरात कुणाला सांगू नका... ‘कुणाला सांगू नका’ हे शब्द आले की उठून अंगणात जा आणि शेजाऱ्याला हाक मारा. ह्यात जास्त करून निवृत्त शिक्षक, निवृत्त अधिकारी सापडतात. पोलिसाचा फोन सरळ कट करायची सवय आयुष्यात कधी लागलेली नसते त्यांना.

कुरिअरवाला ‘स्टार २१’ किंवा ‘स्टार ४०१’ असलं काही दाबून पुढं त्याचा नंबर लावायला सांगत असेल तर लावू नका. तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात आणि फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. दाबलंच असेल तर हॅश हॅश ००२ हॅश लावा, वळवलेले कॉल रद्द होतात.

५. खरेदी : साडी आणि सोनं

इन्स्टाग्रामवर ‘कारखाना बंद होतोय, पैठणी ४९९ रुपयांत’ अशी जाहिरात दिवाळीत दिसणारच. पैठण आपल्याच मराठवाड्यातलं, म्हणून आपल्याला वाटतं स्वस्त मिळत असेल. हातमागावर एक खरी पैठणी विणायला आठवडे जातात, नक्षी दाट असेल तर महिने. ४९९ मध्ये त्यातलं रेशीमही येत नाही. पॉवरलूमची घ्यायला हरकत नाही, छान दिसते, पण पॉवरलूमचा भाव द्या.

दुकानात घेत असाल तर पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोर, पोपट मागच्या बाजूनंही जवळपास तसेच दिसतात; यंत्रावरच्या साडीत मागं सुटे धागे आडवे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. सिल्क मार्क आणि हँडलूमचं चिन्ह मागा. ‘तसलं काही नसतं हो ताई’ असं दुकानदार म्हणाला तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला तसं समजतोय.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी कोण, हे साइटवर असायलाच हवं; २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते बंधनकारक आहे. नुसता व्हॉट्सॲप नंबर असेल तर सोडून द्या. पार्सल फोडताना पोरानं समोर उभं राहून व्हिडिओ काढावा. लेबल दिसलं पाहिजे, कात्री लागताना दिसली पाहिजे, व्हिडिओ मध्ये तोडलेला नको. न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल आलं तर, ‘भाऊबीजेला दादानं पाठवलं असेल’ म्हणून पैसे भरू नका, आधी दादाला विचारा.

धनत्रयोदशीचं सोनं. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असलेलेच हॉलमार्कचे दागिने विकता येतात. दागिन्यावर तीन खुणा असतात : बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. सराफाकडं भिंग असतं, मागून घ्या, लाजू नका. मग आपल्या फोनवर बीआयएस केअर ॲपमध्ये तो एचयूआयडी टाका. नुसतं ‘सापडला’ एवढ्यावर थांबू नका. दागिना कुठला आहे ते वाचा. हातात अंगठी आणि ॲप म्हणतंय बांगडी, तर नंबर दुसऱ्याचा उचललेला आहे. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे मणी आणि नाजूक कानातल्यांत नुसता सराफाच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो. तिथं पक्कं बिल आणखी गरजेचं. बिलात वजन, शुद्धता, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. ‘बिल नको, जीएसटी वाचेल’ हे ऐकून वाचलेले तीन टक्के मोडीच्या वेळी भारी पडतात.

६. देवदर्शन आणि गाडी

सुट्टीत तुळजापूर, माहूर, घृष्णेश्वर, औंढा, नाहीतर पुढं सोमनाथ-केदारनाथ. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधाम, भाविकांच्या गेस्ट हाऊसच्या खोट्या बुकिंगबद्दल सावध केलं होतं. भक्तनिवासाच्या नावानं गुगलवर नंबर मिळाला आणि समोरच्यानं आगाऊ रक्कम एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर मागितली तर देऊ नका. देवस्थानाचं खातं देवस्थानाच्या नावानंच असतं. केदारनाथचं हेलिकॉप्टर आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरूनच. एसटीचं तिकीट महामंडळाच्या ॲपवर किंवा सरळ स्टँडवर.

७. दारात आणि स्टँडवर

फोन नसलेला चोर अजून संपलेला नाही. भाऊबीजेला माहेरी निघालेल्या बाया अंगावर सोनं घालून निघतात आणि हे त्याला ठाऊक असतं.

तोतया पोलीस ही आपल्याकडची जुनी जात. दोघं मोटारसायकलवर येतात, एखाद्या आजीला किंवा सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांना थांबवतात. ‘पुढं चोरी झालीय, साहेब तपासणी करतायत, अंगावर सोनं का घालून फिरता?’ तेवढ्यात त्यांचाच तिसरा माणूस वाटसरू बनून येतो आणि मुकाट आपली चेन काढून देतो. ते बघून आजी बांगड्या काढते. ‘साहेब’ कागदात गुंडाळून, पुडी बांधून परत देतात. घरी पुडी उघडली की खडे. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाही. आजीला एवढंच शिकवा : ‘ठाण्यात चला, तिथं काढते.’ आणि लोक असतील तिकडं चालू लागायचं.

भांडी-दागिने पॉलिश करून देणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. पितळेचा तांब्या चकचकीत करून दाखवेल आणि पाटल्यांचं सोनं द्रावणात विरघळवून नेईल. एटीएममध्ये ‘मामा, मी काढून देऊ का’ म्हणणारा कार्ड बदलून देतो. कार्ड परत घेताना त्यावरचं स्वतःचं नाव वाचा. नाव छापलेलं नसेल तर मागं सही करून ठेवा, ओळखू येते.

८. जास्त व्याजाची ठेव आणि ‘खातं भाड्यानं’

मराठवाड्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये किती घरांच्या ठेवी अडकल्या, हे वेगळं सांगायला नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीला तो लागू नाही. ‘दिवाळी ठेव योजना’ असा फ्लेक्स दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा. पैसे घेणाऱ्याला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर बघता येतं, तिथं तक्रारही करता येते.

कॉलेजच्या पोरांना सांगा : कुणी पाच हजार देतो, खातं आणि सिम वापरायला दे म्हणाला तर ते खातं चोरीचा पैसा फिरवायला जातं. पोलीस खातेदाराला शोधत येतात. माझे १८,५०० अशाच एका पोराच्या खात्यात सापडले. वय एकोणीस.

९. पैसे गेलेच तर पहिला तास

लाज बाजूला ठेवा. मी बायकोला सांगायच्या आधी १९३० ला फोन लावला, हे एकच काम त्या दिवशी बरोबर केलं. लाइन दोनदा लागली नाही, तिसऱ्यांदा लागली. ती चोवीस तास चालू असते, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही.

ते विचारतात : नाव, बँक, खातं नंबर, किती वाजता, किती रुपये, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा क्रमांक बारा अंकी असतो, मेसेजमध्ये किंवा पासबुकाच्या नोंदीत मिळतो. हे हाताशी घेऊनच फोन लावा. त्यांनी माहिती पुढच्या बँकेला कळवली की चोराच्या खात्यात जेवढे शिल्लक असतील तेवढे अडकतात. म्हणून मिनिटं महत्त्वाची. मोबाईलवर तक्रार क्रमांक येतो. तेवढ्यानं तक्रार पूर्ण होत नाही. चोवीस तासांच्या आत ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर जाऊन बाकीची माहिती भरायची असते. इथंच बरेच जण थांबतात.

त्यानंतर लगेच बँक. फोनवर खातं-कार्ड बंद करा, शाखा उघडली की लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी सांगणं, पिन देणं अशी तुमची चूक असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. शाखेतल्या बाबूनं ‘आता काही होत नाही, सणाच्या नंतर या’ म्हटलं तरी अर्ज देऊनच या.

लागणारी कागदपत्रं :

- आधार आणि पासबुकाची झेरॉक्स
- त्या दिवसाचं खातेउताऱ्याचं पान, बँकेच्या शिक्क्यासह
- मेसेज, कॉल, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट. चोराचा नंबर दिसला पाहिजे, चॅट पुसू नका
- १९३० चा तक्रार क्रमांक
- घडलं तसं वेळेवार लिहिलेला एक पानाचा अर्ज

हे घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आवाज न चढवता सांगा, मला त्याचा उपयोग झाला. फोनमधले फोटो काढून घेऊन, पुरावा पोलिसांना दाखवून झाल्यावरच फोन फॅक्टरी रीसेट करा.

१०. नंतरचे महिने

बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फुकट, माहितीसाठी १४४४८. माझ्या बाबतीत बँकेनं चूक माझी ठरवली आणि खरं सांगायचं तर ती होतीच. अडकलेले १८,५०० सोडवायला मात्र कोर्टाचा आदेश लागला.

मध्ये फेब्रुवारीत एक फोन आला. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अठरा हजार पाचशे मंजूर झालेत, प्रोसेसिंगचे एकवीसशे भरा.’ आकडा तंतोतंत बरोबर. क्षणभर माझाही हात ॲपकडं गेला. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढं विकल्या जातात, असं तपास अधिकाऱ्यानं नंतर सांगितलं. मी म्हणालो, ‘कुठल्या ठाण्यातून बोलताय? गुन्हा नंबर सांगा, मी येतो.’ फोन कट.

खरे पैसे आले ते जूनमध्ये. कुणाचा फोन आला नाही. ठाण्यातून निरोप आला, कोर्टाच्या आदेशाची प्रत मिळाली, ती बँकेत दिली आणि नवव्या दिवशी रक्कम खात्यावर पडली. फी म्हणून कुणी रुपया मागितला नाही. खर्च झाला तो वकिलाचा, झेरॉक्सचा आणि चार फेऱ्यांच्या पेट्रोलचा. झेरॉक्स घरचीच होती.